सोडायची वही

डिसेंबर २०२१. नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, सरकारी बँकांतल्या अधिकारी भरतीच्या आयबीपीएस पीओ परीक्षेची पहिली फेरी, प्रिलिम्स. इंग्रजीची वीस मिनिटं संपली, स्क्रीन आपोआप क्वांटवर, म्हणजे गणिताच्या विभागावर, गेली आणि डीआयच्या, म्हणजे तक्ता वाचून सोडवायच्या, पहिल्याच सेटवर मी अडकले. पाच कंपन्यांचा तक्ता होता. त्यातले काही आकडे गाळलेले, ते प्रत्येक प्रश्नातल्या अटीवरून काढायचे. असे तक्ते मी घरी ढिगाने सोडवले होते. ‘हा प्रकार आपल्याला येतो’ एवढं एकच डोक्यात होतं, त्यामुळे हात काही त्यावरून उठेना. मान वर केली तेव्हा घड्याळ अकरा मिनिटांवर आलं होतं आणि पस्तीसपैकी माझे तीन प्रश्न झाले होते.

पुढचं सगळं घाईत गेलं. शेवटच्या दोन मिनिटांत तर मी प्रश्न न वाचता पर्याय दाबत होते. बाहेर आल्यावर त्याच शिफ्टच्या मुलींकडून कळलं की पुढे कुठेतरी सिम्प्लिफिकेशनचे एकेका ओळीचे प्रश्न होते. माझ्या पॅलेटवर, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रश्नक्रमांकांच्या चौकटीत, ते चौकोन शेवटपर्यंत पांढरे राहिले होते. पांढरा म्हणजे न उघडलेला.

स्कोअरकार्ड आलं तेव्हा क्वांटला ५.७५ होते. अटेम्प्ट सतरा. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे उलटा हिशेब केला तर आठ बरोबर आणि नऊ चूक. वेगवेगळ्या शिफ्टचे गुण एका पातळीवर आणतात, त्यामुळे हा हिशेब अगदी काटेकोर नसतो, पण चित्र साधारण हेच. एकूण बेरीज कटऑफच्या वर होती. पण नुसत्या बेरजेवर इथे भागत नाही, प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा ओलांडावा लागतो. क्वांटने मला खाली ओढलं.

तो आठवडा मी फार वाईट काढला. एवढं बीकॉम केलं, दहावीला गणितात ब्याण्णव होते, आणि गणितातच राहिले. खूप दिवस मला वाटत होतं की माझा अभ्यास कमी पडला. अभ्यास कमी पडला नव्हता. मला प्रश्न सोडून देता येत नव्हता. मराठीत ‘सोडवणं’ आणि ‘सोडणं’ यांत एका अक्षराचा फरक आहे. शाळेत आम्हाला पहिलं शिकवलं आणि दुसऱ्याला पाप ठरवलं. ‘काहीतरी लिहा, पण कोरं सोडू नका’ हे वाक्य पहिलीपासून बारावीपर्यंत ऐकलेलं. बोर्डात त्याने दोन-चार गुण मिळतातही. साठ मिनिटांत शंभर प्रश्नांच्या पेपरात ते वाक्य घेऊन गेलं की माणूस बुडतो. म्हणूनच हा अनुभव जरा सविस्तर लिहायला बसले. आमच्या अभ्यासिकेतल्या अर्ध्याअधिक मुली याच दगडाला ठेचकाळल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपल्यालाच येत नाही.

आम्ही जेलरोडला राहतो. वडील अंबडला कंपनीत, आजोबा करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. घरात बँकेची परीक्षा द्यायची टूम माझीच. पदवी २०२० च्या लॉकडाऊनच्या गोंधळात हातात आली, नोकऱ्या दिसत नव्हत्या, आणि पीओच्या जाहिरातीत पदवी कुठलीही चालते, वय वीस ते तीस, ओबीसीला तीन वर्षांची सवलत, एवढं वाचून फॉर्म भरला. स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. बाकीच्या अकरा सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची ही एकच परीक्षा. आधी प्रिलिम्स, मग मेन्स, मग मुलाखत. प्रिलिम्सचे गुण पुढे धरतच नाहीत, ती नुसती चाळणी. शेवटची यादी मेन्स आणि मुलाखत यांच्या ऐंशी-वीस प्रमाणावर लागते.

पहिल्या वर्षी मी एका क्लासला चार महिने गेले. क्लासने सूत्रं भरपूर दिली, शॉर्टकटच्या छापील वह्या दिल्या. कधी थांबायचं ते कोणी सांगितलं नाही. सर फळ्यावर प्रश्न घेत आणि प्रत्येक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून दाखवत. फळ्यावर घड्याळ नसतं. आज मागे वळून पाहताना मला त्या क्लासची सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते.

२०२२ च्या फेब्रुवारीत क्लास सोडला आणि अशोकस्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत महिना सहाशे रुपयांची जागा घेतली. सकाळी सिटीलिंकची बस पकडून द्वारकेवरून सीबीएस, तिथून चालत. नऊ ते सात. अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं जास्त, त्यांच्या टेबलांवर इतिहास-भूगोलाचे गठ्ठे. आम्ही बँकवाल्या पाच-सहा जणी मागच्या ओळीत, कच्च्या कागदांचे ढीग घेऊन. माझ्या शेजारी निफाडची एक मैत्रीण बसायची, तिच्या घरी कांदा आणि द्राक्ष. ती क्लार्कची तयारी करत होती. क्लार्कची परीक्षा आता मराठीतूनही देता येते. पीओची मात्र इंग्रजी नाहीतर हिंदी. मी थोडे दिवस हिंदीतून मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊन पाहिले, आणि लिपी एक असूनही फसगत झाली. सरासरीला ‘औसत’, गुणोत्तराला ‘अनुपात’, बोटीच्या वेगाला ‘नाव की चाल’. ‘चाल’ वाचून माझ्या डोळ्यापुढे भलतंच येई. तेव्हा गणितसुद्धा इंग्रजीतूनच वाचायचं ठरवलं. माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या मुलींना माझं हेच सांगणं आहे: दोन महिने जड जातं, मग डोळा बसतो.

मॉक देणं सगळेच करतात. मी मॉकनंतर एक वही भरायला घेतली. तिच्यात न आलेले प्रश्न नाही लिहिले. जे सोडायला हवे होते आणि सोडले नाहीत, तेवढेच. वहीवर नावही तसंच घातलं होतं, ‘सोडायची वही’. तिच्यातलं एक पान अजून जसंच्या तसं आहे:

१४ जून. दोन समोरासमोर रांगा, आठ-आठ जण. सहा मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्या ओळीतच तीन शक्यता निघाल्या होत्या. का थांबले नाही? एक नाव पक्कं बसलं होतं म्हणून.

१४ जून. नळ-टाकी. दोन मिनिटं पन्नास. समीकरण मांडलं, उत्तर पर्यायांत नाही. पुन्हा मांडलं. का थांबले नाही? राग आला म्हणून.

१६ जून. वर्तुळाकार मांडणी, काही आत तोंड, काही बाहेर. चार मिनिटं पाच. सुटलं. पाचही बरोबर. पण मागे सात सिलॉजिझम तसेच राहिले.

हा तिसरा प्रकार ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सुटलेला प्रश्नसुद्धा चुकीचा निवडलेला असू शकतो. ‘का थांबले नाही’ या रकान्यात महिनाभराने पाहिलं तर तीनच कारणं फिरून फिरून होती: हा प्रकार आपल्याला येतो, एवढा वेळ घातलाय तर आता कशाला सोडा, आणि राग. गणिताचं कारण एकही नव्हतं.

मग एक नियम धरला. क्वांट उघडलं की पहिलं दीड मिनिट पेन हातात घ्यायचं नाही. पस्तीसही प्रश्न नुसते डोळ्याखालून घालायचे आणि पॅलेटवरून कुठे काय आहे ते पाहायचं. सिम्प्लिफिकेशन, नंबर सिरीज, वर्गसमीकरणांची तुलना आधी. मग सुटे गणिती प्रश्न. डीआयच्या सेटमध्ये आधी तक्ता नाही, प्रश्न वाचायचे. पाचात तीन प्रश्न थेट असतील तर ते तीन घ्यायचे आणि दोन तिथेच टाकून पुढे जायचं. पहिले पंधरा दिवस गुण उलट कमी झाले. दीड मिनिट हातावर हात ठेवून बसायचं म्हणजे काय होतं ते घड्याळासमोर बसल्याशिवाय कळत नाही, छातीत धडधडतं. तरी वही सांगत होती ते खरं होतं, म्हणून रेटलं.

वेग कुठून आणला हेही सांगायला हवं, कारण तो मला घरातच मिळाला. आजोबा जुन्या सातवीतले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी तोंडपाठ. लहानपणी त्यांनी आमच्याकडून थोडीफार म्हणून घेतली होती, पुढे कॅल्क्युलेटर आला आणि विसरलो. एका रात्री मी ओट्याजवळ बसून शेकडेवारीचे प्रश्न करत होते. एका कंपनीचं उत्पादन दुसरीपेक्षा २५ टक्के जास्त, दुसरीचं ८४. मी ८४ ला १२५ ने गुणून शंभराने भागत होते. आजोबा पाणी प्यायला आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, “अगं, चौऱ्याऐंशी सव्वे एकशेपाच. एवढी मांडामांड कशाला?”

मी पेन खाली ठेवलं. २५ टक्के जास्त म्हणजे सव्वापट, ही गोष्ट मला माहीत होती. पण त्याचा पाढा घरात आहे आणि तो म्हणणारा माणूस माझ्यासमोर तांब्या घेऊन उभा आहे, हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आजोबांची शिकवणी सुरू झाली. पहाटे ते फिरून आले की चहाच्या वेळी अर्धा तास. एक दिडे दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार. पंधरा टक्के काढायचे तर दहावा हिस्सा घ्यायचा आणि त्याची दिडकी: २६० चे सव्वीस, सव्वीस दिडे एकोणचाळीस. पंचाहत्तर टक्के म्हणजे पाऊणकी, अडुसष्ट पाऊणे एक्कावन्न. १७५ टक्के म्हणजे पावणेदोन, चौसष्ट पावणेदोन एकशे बारा. आजोबा मधेच, मी दात घासत असले तरी, विचारायचे, “पावणेदोन चोक?” आणि मी “सात” म्हटलं की पुढे चालू लागायचे. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, साडेसदतीस म्हणजे त्याचे तीन, हेही त्यांनीच पक्कं करून घेतलं. ४८० चे साडेसदतीस टक्के विचारले की साठ त्रिक एकशेऐंशी, ओठ हलायच्या आत.

क्लासच्या छापील वहीत हीच गोष्ट अपूर्णांकांचा तक्ता म्हणून दिलेली असते. पण तो पाहून आठवावा लागतो. पाढ्याला लय असते, तो आपोआप येतो. परीक्षेत प्रश्न इंग्रजीत वाचायचे आणि आकडे मराठीत करायचे, असं माझं शेवटपर्यंत चाललं. मला त्याचा आजही अभिमान आहे.

इंग्रजीबद्दल फार लिहित नाही. रोज एक अग्रलेख, त्यातले पाच शब्द, आणि पेपरात उतारा शेवटी घ्यायचा. बस.

बँकिंगच्या सामान्य ज्ञानाचं मात्र सांगते. हा भाग मेन्सला असतो, तेव्हा त्याला ४० प्रश्न, ३५ मिनिटं होती, आणि बरेच जण तो शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवतात. त्या वर्षी तसं करणाऱ्यांचे हाल झाले, कारण रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, एका जागी थांबेना. मे २०२० पासून चार टक्क्यांवर असलेला दर ४ मे २०२२ ला, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने ४.४० केला. ८ जूनला ४.९०, ५ ऑगस्टला ५.४०, ३० सप्टेंबरला ५.९०. सप्टेंबरपर्यंतच माझ्या वहीत एकाच ओळीत चार वेळा खोडलेलं आहे. पण ते पाठ करायची वेळ आली नाही. पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलेले काका एका रविवारी घरी आले आणि वडिलांना म्हणाले, “हप्ता तेवढाच आहे, पण कर्ज संपायची तारीख चार वर्षं पुढे गेली. बँकेने काही गडबड केली का रे?” मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. ऑक्टोबर २०१९ पासून नव्या फ्लोटिंग गृहकर्जांचे दर रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेले आहेत. रेपो वाढला की व्याज वाढतं, हप्ता तोच ठेवला की मुद्दल हळू फिटतं आणि मुदत लांबते. काकांना ते पटलं. त्या दिवशी माझं दर-बिरांचं पाठांतर संपलं. पुढे काहीही वाचताना मी विचारायला लागले की याने काकांच्या कागदावर काय बदलेल.

जुलैत पाऊस धुवांधार झाला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते पाहायला अर्धं नाशिक पुलावर. अभ्यासिका दोन दिवस रिकामी होती. मी आणि निफाडची मैत्रीण दोघीच बसून मॉक देत होतो. तिच्या वडिलांचा फोन आला की चाळीतला कांदा भिजला. ती बाहेर जाऊन पाच मिनिटं उभी राहिली, परत आली, आणि टायमर पुन्हा पहिल्यापासून लावला. आम्ही त्यावर बोललो नाही.

ऑगस्टमध्ये दोघींनी ग्रामीण बँकेच्या ऑफिसरची प्रिलिम्स दिली. तिथे इंग्रजी नव्हतं, ४५ मिनिटांत ८० प्रश्न, आणि वेळ दोन्ही विभागांना मिळून एकच होता. मी ती पास झाले, मेन्सला राहिले. पण सोडायची सवय खऱ्या हॉलमध्ये टिकते हे कळलं, आणि ते मला हवं होतं.

ऑक्टोबरची पीओ प्रिलिम्स. कॉल लेटरवर फोटो चिकटवलेला, ओळखपत्र मूळ आणि झेरॉक्स, पारदर्शक बाटली. गेटवर तपासणी, अंगठा, फोटो, मग जागा. क्वांट उघडलं. पुन्हा पहिल्यांदाच डीआयचा सेट समोर, गाळलेल्या आकड्यांचा. मला अक्षरशः ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. मी पुढचं बटण दाबलं. दीड मिनिट नुसतं पाहिलं. शेजारचा मुलगा कागदावर भराभर काहीतरी मांडत होता, त्याच्या पेनाचा आवाज येत होता. सिरीजचे पाच झाले, सिम्प्लिफिकेशन झालं, सुट्यांतले पाच-सहा झाले, शेवटी त्या पहिल्या सेटकडे परत येऊन त्यातले दोन थेट प्रश्न घेतले. एकूण सोळा अटेम्प्ट. मागच्यापेक्षा एक कमी. शेवटच्या मिनिटाला पॅलेटवर एकोणीस प्रश्न उत्तराविना होते. मी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला. कोरं सोडण्यात किती जोर लागतो ते त्या मिनिटाला कळलं.

यादीत नंबर आला.

मेन्स नोव्हेंबरच्या शेवटी. रिझनिंग आणि कॉम्प्युटर एक तास, ४५ प्रश्न. डेटा अ‍ॅनालिसिस ४५ मिनिटं, ३५ प्रश्न. शिवाय इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. तिथली पझल्स प्रिलिम्सच्या मानाने इतकी लांब असतात की निम्मे प्रश्न सोडणाराही पुढे जातो. त्यानंतर अर्धा तास इंग्रजी निबंध आणि पत्र, २५ गुण, कीबोर्डवर टाइप करून. घरी कॉम्प्युटर नव्हता. बिटकोजवळच्या सायबर कॅफेत तीन आठवडे रोज तास लावून मी टायपिंग केलं. हा भाग कोणी गंभीरपणे घेत नाही आणि ते चूक आहे. विचार डोक्यात तयार असतो आणि बोटं अक्षर शोधत बसतात.

मुलाखतीआधी कागदपत्रांनी जीव काढला. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेअर लागतं ते केंद्राच्या नमुन्यातलं आणि ठरावीक काळातलं. माझ्याकडे होतं ते राज्याच्या नमुन्यातलं, कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेलं. पुन्हा अर्ज केला. हातात आला तो दाखला पुन्हा राज्याच्याच नमुन्यात. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की हाच सगळीकडे चालतो. चालत नाही. कागद पूर्ण नसतील तर मुलाखतीला बसू देत नाहीत. वडिलांनी कंपनीत दोन सुट्या टाकल्या, छापील नमुना सोबत नेला, आणि तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. तीन आठवडे गेले. जी मुलगी हे वाचत असेल तिने फॉर्म भरतानाच नमुन्याची प्रत काढून अर्जाला जोडावी.

जानेवारीच्या थंडीत पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेले. सोबत वडील. कसाऱ्याच्या घाटात बाहेर धुकं होतं आणि ते खिडकीबाहेर बघत गप्प होते, मला काही विचारायचं टाळत होते.

पॅनेलवर पाच जण. नाशिकरोड पाहून अध्यक्षांनी तिथूनच सुरुवात केली. नोटा कुठे छापतात? मी सांगितलं: नाशिक आणि देवास या सरकारी महामंडळाच्या प्रेस, म्हैसूर आणि सालबोनी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीच्या. नाशिकला छपाई १९२८ पासून, आजोबा तिथेच होते. एक रुपयाच्या नोटेवर सही कोणाची? वित्त सचिवांची, कारण ती नोट भारत सरकारची. हे प्रश्न मला माहेरचे होते.

मग एका मॅडमनी विचारलं, तुमच्या भागात कांद्याचे भाव पडले, शेतकरी पीककर्ज भरू शकला नाही, तुम्ही शाखेत ऑफिसर आहात, काय कराल? किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंत सात टक्के, वेळेवर फेडलं तर तीन टक्के सवलत, म्हणजे चार. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. ही माहिती मी दिली. पण देताना डोळ्यापुढे अभ्यासिकेच्या दाराबाहेर फोन धरून उभी असलेली मैत्रीण होती, म्हणून पुढे म्हणाले की मी दुसरा हंगाम संपायची वाट पाहणार नाही. पहिल्या हंगामातच त्याच्याकडे जाईन. खरोखर नैसर्गिक आपत्ती असेल तर पुनर्रचनेचा मार्ग असतो, तो त्याला वेळेत सांगावा लागतो. उशिरा आलेला माणूस सवलतीलाही मुकतो आणि पुढच्या कर्जालाही. मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

शेवटी एका सरांनी परकीय चलनाच्या एका व्यवहाराबद्दल विचारलं. शब्द ऐकलेला होता, अर्थ अर्धवट. जीभ वळवळली. अर्ध्या माहितीवर दोन वाक्यं सहज रचता आली असती. मी म्हटलं, “सर, मला हे माहीत नाही.” ते म्हणाले, ठीक आहे, पुढे. पंधरा मिनिटांत मी बाहेर होते.

८ फेब्रुवारीला रेपो ६.५० झाला. मुलाखत होऊन गेली होती, तरी मी वही काढून डिसेंबरचा ६.२५ खोडला आणि नवा आकडा लिहिला.

एप्रिलमध्ये निकाल आला. कॅनरा बँक. मैत्रिणीला क्लार्कमध्ये जागा मिळाली. ती आमच्या घरी पेढे घेऊन आली तेव्हा माझी वही चाळत बसली होती, आणि ‘राग आला म्हणून’ या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “हे माझंसुद्धा आहे गं.” तिच्या धाकट्या बहिणीसाठी मी पहिल्या दोन महिन्यांची पानं झेरॉक्स करून दिली.

पोस्टिंग उत्तर कर्नाटकात निघाली. आई दोन दिवस नकाशा बघत होती. मला काळजी होती ती भाषेची. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन आकडा सांगेल आणि मला तो कळायलाच हवा. बिटकोजवळच्या उडुपी हॉटेलात गल्ल्यावर जे अण्णा बसतात त्यांना मी एका संध्याकाळी विचारलं, शिकवाल का? त्यांनी बिलाच्या पॅडच्या मागे लिहून दिलं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मी विचारलं, पाव? कालु. पाऊण? मुक्कालु. दीड? ओंदूवरे. अडीच? एरडूवरे. वहीची शेवटची कोरी पानं त्यात गेली.

घरी येऊन आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा ऐकलं, त्यांच्यातही पावाचे आणि पाऊणाचे शब्द आहेत म्हणून खूश झाले. मग विचारलं, “पावणेदोनला काय म्हणतात?” ते विचारायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अण्णांकडे गेले. ओंदूमुक्कालु.

आजोबा तो शब्द दिवसभर तोंडात घोळवत होते. सकाळी मी दात घासत असताना दारात येऊन उभे राहिले.

“ओंदूमुक्कालु चोक?”

“सात.”

“त्यांच्या भाषेत.”

मी चूळ भरली. “एळु.”

ते पुढे चालू लागले.